टॉवेल, नग एक, कोरडा

घाटंजी तालुका संनियंत्रण कार्यालयाची गाडी मार्गशीर्षातल्या एका सकाळी स्वतःची स्वतः वाळली, आणि पुढचा सगळा प्रकार त्यातून उद्भवला.

गाडीनं आपोआप वाळणं ही तशी निसर्गनियमाला धरून असलेली गोष्ट. परंतु या कार्यालयाच्या आवारातल्या बोअरचं पाणी इतकं खारं की त्यात सकाळी शिजायला टाकलेली तुरीची डाळ दुपारीही आपलं म्हणणं सोडत नाही. या पाण्याचा थेंब पत्र्यावर वाळला की त्याच्या जागी एक पांढरी चकती उमटते. त्यातून गाडी काळी. कार्यालयानं पांढरी मागवली होती, काळी आली; त्याबाबतचा पत्रव्यवहार नऊ वर्षांपासून चालू आहे. हे कार्यालय नेमकं कशाचं संनियंत्रण करतं, याचाही खुलासा वरून मागवलेला आहे. तो येईपर्यंत ते सर्वसाधारण स्वरूपाचं संनियंत्रण करतं.

गाडीचा चालक उकंडा भोयर. नऊ वर्षं तो रोज गाडी धुवायचा आणि पाणी वाळायच्या आत टिपून घ्यायचा. टिपायला त्याच्याजवळ बायकोच्या, म्हणजे रुखमाबाईच्या, जुन्या सुती लुगड्याचा अर्धा तुकडा होता. हजार वेळा धुतलेलं, सायीसारखं मऊ झालेलं कापड. गाडीवरून एक हात फिरवला की थेंब त्यात असा विरायचा, जसा चांगल्या बुवांच्या कीर्तनात माणसाचा राग विरतो. गाडी आरशासारखी निघायची आणि कोणाच्या लक्षातही यायचं नाही. चांगल्या कामाचं लक्षण हेच, की ते बंद पडल्याशिवाय कोणाला दिसत नाही.

त्या दिवशी ते बंद पडलं. उकंडाच्या गावात, बोरदरीत, हरिनामाचा सप्ता बसायचा होता. सप्त्याच्या आदल्या दिवशी रुखमाबाईनं घरातली यच्चयावत कापडं धुवून काढली. त्यात लुगड्याचा तुकडाही गेला आणि सकाळी तो दोरीवर ओलाच होता. उकंडानं मनाशी म्हटलं, एका दिवसानं काय होते. गाडी धुतली, उन्हात लावली, आणि साहेबांना घेऊन यवतमाळच्या आढावा बैठकीला गेला.

बैठक संपल्यावर वरिष्ठ साहेब पोर्चमध्ये उभे होते. त्यांनी सहज गाडीच्या बॉनेटवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि विचारलं, “हे काय आहे?”

उकंडाच्या साहेबांचं नाव हरिसिंग जाधव. सोळा वर्षांच्या नोकरीत त्यांच्याजवळ या प्रश्नाचं उत्तर एकदाही तयार नव्हतं. ते म्हणाले, “पाहून अहवाल देतो, सर.”

बैठकीच्या इतिवृत्तात ते मुद्दा क्रमांक सतरा म्हणून आलं: ‘वाहने धुतल्यानंतर योग्य रीतीने कोरडी केली जात नसल्याचे निदर्शनास आले. याबाबत केलेल्या कार्यवाहीचा अहवाल आठव्या दिवशी सादर करावा.’

इथं उकंडाची अडचण सांगितली पाहिजे, कारण साहेबांना ती कोणी सांगितली नाही.

बोरदरीच्या सप्त्यात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दोन-दोन तासांच्या पहाऱ्यानं ती उभीच राहते. कोणाचा पहारा किती वाजता, ते देवळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं. वेळेवर आला की नावापुढं खूण. सात दिवसांत एकही खूण नसली तर पुढच्या वर्षी नाव पुसलं जातं. उकंडा अकरा वर्षं टाळकऱ्यांच्या मागच्या रांगेत उभा राहिला होता. यंदा पहिल्यांदा त्याचं नाव फळ्यावर चढलं होतं: संध्याकाळी पाच ते सात. त्याच्या आधी तीन ते पाच सदाशिवराव. वय चौऱ्याहत्तर, उजवा गुडघा कामातून गेलेला.

पहिल्या दिवशी आढावा बैठकीमुळं उकंडा सात वाजता पोचला. दुसऱ्या दिवशी चौकशी बसली.

चौकशी अधिकारी म्हणून भांडारपाल नानाजींची नेमणूक झाली. नानाजी सरळ माणूस. जे नोंदवहीत आहे ते जगात आहे, आणि जे नोंदवहीत नाही ते असलं तरी त्यानं असायला नको होतं, इतकं साधं त्यांचं तत्त्वज्ञान.

“गाडी कशानं पुसतोस?” नानाजींनी विचारलं.

“फडक्यानं.”

“कोन्तं फडकं?”

“लुगड्याचं.”

“कोनाच्या लुगड्याचं?”

“आता कोनाच्या म्हंजे, बायकोच्याच. दुसऱ्याचं कायले आनू मी?”

नानाजींचं पेन थांबलं. त्यांनी साठा नोंदवही पहिल्या पानापासून उघडली. खुर्च्या होत्या, झाडू होते, एक भिंग होतं, महापुरात वाहून आलेली आणि कोणीच न मागितलेली एक घागरसुद्धा होती. लुगडं नव्हतं.

“नऊ वर्षं, रोज,” नानाजी गंभीरपणे म्हणाले. “म्हंजे शासकीय वाहनाले खासगी लुगडं अंदाजे तीन हजार वेळा लागलं. तुले समजते का हे काय झालं ते?”

“गाडी साफ झाली, नानाजी.”

“ते नंतर पाहू.”

लुगड्याचा तुकडा खाकी पाकिटात घालून लाखेची मोहोर लागली. वर लिहिलं: ‘लुगडे, अर्धे, चौकशीधीन’. अर्धंच काहून, अशीही एक उपचौकशी झाली. उकंडानं सांगितलं की उरलेला अर्धा तुकडा रुखमाबाई कापूस वेचताना कमरेला ओटी बांधायला वापरते. तो तुकडा कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येत नसल्यामुळं नाइलाजानं सोडून देण्यात आला.

त्याच दुपारी साहेबांच्या सहीनं आदेश निघाला. एक, मंजूर वस्त्राशिवाय वाहन पुसू नये. दोन, वाहन पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चालकानं कार्यालय सोडू नये. तीन, मंजूर वस्त्र ठरवण्यासाठी ‘वाहन शुष्कीकरण वस्त्र निवड समिती’ स्थापन करण्यात येत आहे. साहेब अध्यक्ष, नानाजी सचिव, आणि तांत्रिक सदस्य म्हणून कनिष्ठ अभियंता समीक्षा मॅडम.

आदेशात गाडी धुवायची वेळही सकाळची बदलून दुपारी साडेतीनची केली होती. मार्गशीर्षातलं ऊन चार वाजता कामावरून सुटतं. उकंडा ओल्या गाडीसमोर स्टूल टाकून बसला आणि थेंबांकडे बघत राहिला. कापूस वाळताना, मिरची वाळताना, शेणी वाळतानासुद्धा माणसाला काही ना काही करता येतं. गाडी वाळताना काही करायची मनाई होती. शेवटचा थेंब मागच्या काचेच्या रबराखाली दडून बसला होता. तो सहा वाजून दहा मिनिटांनी गेला. नानाजींनी बोट फिरवून पाहिलं आणि ‘वाहन कोरडे’ असा दाखला दिला.

उकंडा मोटारसायकलवर बारा किलोमीटर हाणत गावात पोचला, तेव्हा हरिपाठ संपत आला होता. सदाशिवराव वीणा गळ्यात घालून एका पायावर भार टाकून उभे होते. चार तास होत आले होते.

“आला का रे उकंड्या,” ते म्हणाले. “मले वाटलं आता येत्या सालीच येतो.”

“काका, दुसऱ्या कोनाले द्यायची होती वीणा.”

“देतो ना. मंग फळ्यावर तुह्या जागी त्याचं नाव चढन. चालते तुले?”

उकंडानं फळ्याकडे पाहिलं.

“नाही चालत ना? म्हनून उभा राह्यलो. मी हालत नाही तवरीक तुही जागा कोनी घेत नाही. पन खूण काही मी करू शकत नाही, बाप्पा. ती पाच वाजताच होते. सात दिवसांत एक डाव ये.”

“गाडी वाळत नाही, काका.”

सदाशिवरावांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली, जोत्यावर टेकले आणि गुडघा चोळत म्हणाले, “मानूस वाळून राह्यला, गाडी काहून नाही वाळत?”

तिसऱ्या दिवशी समितीची पहिली बैठक भरली. समीक्षा मॅडम मनापासून अभ्यास करून आल्या होत्या. गाडी कोरडी करायला जगात काय काय वापरतात, हे त्यांनी मोबाईलवर पाहून चार पानं उतरवून आणली होती.

“सर, सगळ्यात चांगला मायक्रोफायबरचा टॉवेल. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढतो. ओरखडे पडत नाहीत.”

“कशाचा असतो?” साहेबांनी विचारलं.

“पॉलिस्टरचा, सर. एक प्रकारचं प्लास्टिकच म्हणा.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. जिनिंगकडे जाणारी कापसाच्या गाड्यांची रांग फाटकापर्यंत आली होती. “मॅडम, कपास का जिल्हा है. इथं सरकारी गाडी प्लास्टिकनं पुसली आणि कोणी फोटो टाकला, तर मी तोंड कुठं दाखवू?” हे बोलताना साहेबांच्या अंगात टेरिकॉटचा सफारी होता. इतिवृत्तात त्याचा उल्लेख नाही.

“मग शॅमॉय आहे, सर. मऊ कातडं असतं. पाणी छान टिपतं.”

“कातडं कशाचं?”

“मेंढीचं. किंवा बकरीचं.”

तिघांचीही नजर एकाच वेळी आवारातल्या गाडीकडे गेली. डॅशबोर्डवर प्लास्टिकचा गणपती बसलेला होता. त्या प्लास्टिकबद्दल कोणाची हरकत नव्हती. पण त्याच्यासमोर कातडं फिरवणं बरं दिसणार नाही, असं सर्वानुमते ठरलं. संध्याकाळी साहेबांच्या घरी मटणाचा बेत असल्यामुळं बैठक लवकर आटोपती घेण्यात आली.

चौथ्या दिवशी नानाजींनी स्वतः एक उपाय सुचवला. कापड नको आणि कातडं नको, वारा घालावा. त्यांच्या मेव्हण्याकडे सोयाबीन उफणायचा पंखा होता. तो आणून ओल्या गाडीसमोर लावला. पंखा जोरकस होता, त्यात वाद नाही. परंतु त्यात हंगामातलं भूस तसंच राहिलं होतं आणि ते एका झटक्यात गाडीच्या अंगाला चिकटलं. गाडीला अंगभर लव आली. समीक्षा मॅडमनी फोटो काढला. गाडी पुन्हा धुवावी लागली. दाखला मिळाला तेव्हा साडेसहा झाले होते आणि बॉनेटवरच्या चकत्यांची संख्या, नानाजींच्या मोजणीनुसार, सव्वीसवरून एकशे बारा झाली होती.

त्या दिवशी सदाशिवराव खांबाला टेकून उभे होते. वीणा देऊन ते खांब धरूनच खाली टेकले. उकंडा त्यांच्या पाया पडला, तर म्हणाले, “पाया नको पडू. त्यातला एकच चालू हाय.”

पाचव्या दिवशी साहेबांनी निर्णायक पाऊल उचललं. परिपत्रक निघालं: ‘वाहन पुसण्यासाठी सुती टॉवेल निश्चित करण्यात येत असून, प्रात्यक्षिकाकरिता प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या घरातील सर्वोत्तम टॉवेल आणावा.’

आता आपल्याकडं लग्नात पुरुषमाणसाला आहेर करतात तो टॉवेल-टोपीचा. टोपी दुसऱ्या दिवशी खुंटीला जाते. टॉवेल जातो कपाटाच्या वरच्या कप्प्यात. त्याचं वेष्टन फोडत नाहीत. पुढचं लग्न आलं की तो खाली येतो, कोणाच्या तरी खांद्यावर पडतो आणि त्याच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसतो. जन्मभर लग्नांना जाऊन त्यानं एकदाही अंघोळ पाहिलेली नसते. तो बनवणाऱ्यालाही हे ठाऊक असल्यामुळं त्यात पाणी शोषण्याची सोय केलेली नसते. अंगात खळ, काठाला रंग, झालं.

कार्यालयात एक्केचाळीस कर्मचारी. एक्केचाळीस टॉवेल आले. सगळे वेष्टनात. घरी ज्यानं खरोखर अंग पुसतात, तो विटलेला, दशा निघालेला टॉवेल एकानंही आणला नाही. तो काय चारचौघांत दाखवायचा असतो?

उकंडा टेबलावर टॉवेल मांडत होता. एकाच्या वेष्टनावर त्याला स्वतःचंच अक्षर दिसलं: ‘भोयर परिवार, बोरदरी’.

“मॅडम, हा तुमच्याकडं कसा आला?”

“हा होय? वणीच्या मामांनी आणला होता आमच्या ताईच्या लग्नात,” समीक्षा मॅडम म्हणाल्या.

“मामाले ढाणकीहून आला असन,” नानाजी वहीतून मान न काढता म्हणाले. “ढाणकीच्या पाव्हन्याले मी देल्ता.”

“आन् तुमच्या पोरीच्या लग्नात मी देल्ता, नानाजी.”

नानाजींनी मान वर केली. टॉवेलनं जिल्हा उकंडाहून जास्त पाहिला होता आणि तेही पेट्रोलशिवाय.

प्रात्यक्षिक झालं. एकेक टॉवेल तेवढ्यापुरता वेष्टनातून काढून बॉनेटच्या ओल्या भागावर फिरवण्यात आला. डावीकडचं पाणी उजवीकडे गेलं. टॉवेल उलटा फिरवला, तर उजवीकडचं डावीकडे आलं. एक्केचाळीस टॉवेलांचा निष्कर्ष एकच होता. नानाजींनी तो अचूक शब्दांत टिपला: ‘पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वर्ग करण्यात आले.’ साहेबांनी तो वाचला आणि त्यांना तो कार्यालयीन कार्यपद्धतीशी सुसंगत वाटला.

पाण्याच्या बाबतीत सगळे सारखेच ठरल्यामुळं निवड अन्य निकषांवर करावी लागली. घडी, काठ आणि वेष्टनाची चमक. तिन्ही निकषांवर जांभळ्या काठाचा एक टॉवेल पहिला आला. तो अध्यक्षांनी आणलेला होता, हे निकाल लागल्यानंतर उघड करण्यात आलं आणि सर्वांनी आनंद व्यक्त केला.

सहाव्या दिवशी टॉवेल रीतसर भांडारात दाखल झाला. नानाजींनी लाल शाईनं नोंद केली: ‘टॉवेल, नग एक, जांभळा काठ, स्थिती नवीन, कोरडा.’ मग तो उकंडाच्या हातात देऊन म्हणाले, “सही कर. साडेतीनले घ्यायचा, काम झालं की परत. जसा नेला तसा.”

“जसा नेला तसा म्हंजे?”

“कोरडा. वहीत कोरडा लिहेल हाय.”

“नानाजी, पुसलं तं ओला होईन ना.”

“मंग पुसू नको.”

“मंग गाडी?”

“गाडी कोरडी पाह्यजे.”

उकंडानं डोळे मिटले. कीर्तनात बुवा एखादा अवघड चरण सोडवतात, तेव्हा शेवटी अर्थ लागतो आणि माणूस मान डोलावतो. हा चरण त्यानं तीनदा मनात घोळवला. अर्थ लागला नाही.

“टॉवेल वाळवायले अजून एक टॉवेल द्या,” तो म्हणाला.

“तो कशानं वाळवशीन?”

त्या दिवशी उकंडा पुन्हा स्टुलावर बसला. मांडीवर मंजूर वस्त्र, समोर ओली गाडी. वस्त्राला थेंब लागू नये म्हणून ते त्यानं छातीशी धरलं होतं. सदाशिवरावांना त्या संध्याकाळी दोन पोरांनी दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं होतं. फळ्यावर सहा दिवसांच्या सहा रिकाम्या जागा होत्या.

सातव्या दिवशी सकाळी रुखमाबाई वेचणीला निघाली होती. कमरेला ओटी बांधता बांधता तिनं विचारलं, “अजी, आज तरी जमन का पाचले?”

“कसं जमते? टॉवेल कोरडा पाह्यजे, गाडीबी कोरडी पाह्यजे.”

“मंग पानी कोनं प्यायचं?”

“हेच तं कोनी विचारून नाही राह्यलं.”

रुखमाबाईनं बांधलेली गाठ सोडली. लुगड्याचा तो उरलेला अर्धा तुकडा तिनं झटकला, त्यातलं कापसाचं एक बोंड खाली पडलं ते उचलून ओसरीवर ठेवलं, आणि कापड नवऱ्यापुढं धरलं. “हे बांधा डोक्याले. तुमच्या नानाजीच्या वहीत डोक्याचं काही लिहेल नसन.”

“तू ओटी कायची बांधशीन?”

“तो हिरवा टॉवेल हाय ना, पुतनीच्या लग्नातला.”

“त्यात कापूस राह्यते का? घसरून जाईन.”

“राह्यन तेवढा राह्यन. वेचनी महिनाभर हाय. तुमचा पहारा आजचाच हाय.”

जाता जाता तिनं एक लिंबूही हातावर ठेवलं. चकत्या कशानं जातात, हे समितीनं तिला विचारलं नव्हतं.

साडेतीनला उकंडानं टॉवेल सही करून घेतला आणि स्टुलावर घडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत, ठेवला. गाडी धुतली. लिंबाची फोड चकत्यांवरून फिरवली, पुन्हा पाणी मारलं, आणि डोक्याचं कापड सोडून कामाला लागला. बॉनेट, दारं, काचा, आरसे, काचेच्या रबराखालचा तो लबाड थेंब. अकरा मिनिटं लागली. कापड पिळून पुन्हा डोक्याला बांधलं तेव्हा गाडीत समोरची चिंच पानापानासह दिसत होती.

नानाजी खिडकीत उभे होते. किती वेळ, ते त्यांनाच माहीत. ते खाली आले. गाडीवर बोट फिरवलं. कोरडी. टॉवेल पिशवीतून काढून गालाला लावला. कोरडा.

“डोक्याले काय बांधलं?” त्यांनी विचारलं.

“थंडी हाय.”

“ओलं दिसते.”

“घाम हाय.”

“थंडीत घाम?”

“सात दिवसांपासून धावून राह्यलो, नानाजी.”

नानाजींनी वही उघडली. सगळे रकाने वरून खाली पाहिले. डोक्यावरच्या कापडाचा रकाना नव्हता. जे नोंदवहीत नाही, ते नाही. त्यांनी लिहिलं: ‘वाहन कोरडे. टॉवेल कोरडा.’ मग पेनाला टोपण लावता लावता म्हणाले, “जा. सव्वाचार झाले.”

पाचला सात मिनिटं कमी असताना उकंडा देवळात शिरला. सदाशिवरावांनी त्याला आधी नीट ओळखलंच नाही. इतक्या उजेडात तो सात दिवसांत आलाच नव्हता. मग त्यांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली, फळ्यापर्यंत लंगडत गेले, आपल्या हातानं खूण केली आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. सात ते नऊवाला माणूस येईपर्यंत उकंडा नाम घेत उभा राहिला. रडला की काय, ते सांगता येत नाही. डोक्याचं कापड मधूनमधून तोंडावरून फिरत होतं.

गोष्ट इथं संपली असती, तर सुखाची झाली असती. पण त्याच वेळी घाटंजीत साहेब अहवाल लिहीत होते.

नानाजींची नोंद त्यांनी दोनदा वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्या हातून काहीतरी मोठं घडलं आहे. ‘निवडलेला टॉवेल,’ त्यांनी लिहिलं, ‘वाहन संपूर्ण कोरडे करतो व स्वतःही कोरडाच राहतो. सबब धुणे, वाळवणे व बदलणे यांची आवश्यकता उरत नाही.’ अहवाल मोबाईलवरून वर गेला. वरिष्ठ साहेबांचा अर्ध्या तासात निरोप आला: फार छान, सर्व तालुक्यांनी याचे अनुकरण करावे, आणि टॉवेलचा उद्याच योग्य तो सन्मान व्हावा.

दुसऱ्या दिवशी बोरदरीत सप्त्याच्या सांगतेचा काला होता. काल्याच्या कीर्तनाला प्रमुख पाहुणे म्हणून साहेबांना आधीच निमंत्रण होतं. सन्मानाला यापेक्षा मोठा मांडव कुठून मिळणार? साहेब आले, मागून समीक्षा मॅडम आल्या, आणि त्यांच्या मागून नानाजी काचेच्या पेटीत टॉवेल घेऊन आले.

सूत्रसंचालकानं टॉवेलची माहिती सांगितली. लोकांनी माना डोलावल्या. सत्कार म्हणजे टॉवेल-टोपी, यात आपल्याकडं दुसरा प्रकार नाही. म्हणून टॉवेलला एक टॉवेल आणि एक टोपी अर्पण करण्यात आली. टोपी पेटीवर ठेवली. अर्पण केलेल्या टॉवेलच्या वेष्टनावर ‘भोयर परिवार, बोरदरी’ असं लिहिलेलं होतं, पण ते फक्त उकंडाला दिसलं. तो बुवांच्या मागं, टाळकऱ्यांत उभा होता.

बुवांचं कीर्तन भर रंगात आलं होतं. दोन तास नाचून, गाऊन ते घामानं न्हाले होते. तेवढ्यात सूत्रसंचालकानं आग्रह धरला की मंजूर टॉवेलला बुवांचा हात लागावा. साहेबांनी पेटी उघडून टॉवेल दोन्ही हातांनी पुढं केला. बुवांना यातलं काही ठाऊक नव्हतं. घामेजल्या माणसापुढं कोणी टॉवेल धरला की त्यानं काय समजायचं? त्यांनी घडी मोडली आणि तोंड पुसलं.

नानाजी उठून उभे राहिले. मांडवातल्या माना उंचावल्या.

बुवांच्या कपाळावरचा घाम उजव्या कानाकडे गेला. त्यांनी पुन्हा पुसलं, तो डाव्या कानाकडे गेला. नानाजींनी पुढं होऊन टॉवेल हातात घेतला, गालाला लावला आणि साहेबांकडे पाहून मान हलवली. कोरडा. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या कडकडाटात बुवांनी मागं हात केला, उकंडाच्या डोक्याचं कापड ओढलं आणि त्यात तोंड खुपसलं. तोंड, मान, हात, सगळं टिपलं. डोळे उघडले तेव्हा चेहरा उजळला होता.

“हे कोनाचं रे, बाप्पा?” त्यांनी हळूच विचारलं.

“माह्या घरचं,” उकंडा म्हणाला.

बायकांच्या बाजूला, खांबाशी बसलेल्या रुखमाबाईनं पदर सावरला. बुवांनी ते कापड खांद्यावर टाकलं आणि पुढचा चरण उचलला. टाळ्या अजून चालू होत्या. त्या टॉवेलसाठी होत्या.

जांभळ्या काठाचा टॉवेल आता कार्यालयात काचेच्या पेटीत आहे. रोज साडेतीनला तो सहीनिशी बाहेर निघतो आणि कोरडा परत येतो. लुगड्याचा अर्धा तुकडा मोहोरबंद आहे, चौकशी चालू आहे. दुसरा अर्धा दिवसा शेतात असतो आणि साडेतीनला उकंडाच्या डोक्यावर. त्यासाठी रुखमाबाई अडीचलाच वेचणी थांबवून तो घाटंजीला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती देते. उरलेले चाळीस टॉवेल ज्याचे त्याला परत दिले आणि लग्नसराई लागल्यामुळं ते वाटेला लागले आहेत.

त्यातला एखादा यंदा तुमच्याही खांद्यावर पडेल. तुम्ही तो वेष्टनासकट कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवाल. कपाळाला घाम आला की तुमचा हात मात्र मोरीजवळच्या खिळ्याकडे जाईल. तिथं जे विटकं, मऊ कापड टांगलेलं आहे, ते मुळात कोणाच्या अंगावरचं, हे जरा आठवून बघा. आणि नाही आठवलं, तर मनाला लावून घेऊ नका. उद्या कोणी तुम्हाला घरातला सर्वोत्तम टॉवेल आणायला सांगितला, तर तुमचाही हात वरच्याच कप्प्यात जाणार आहे.